कौलावरचे साल

जुन्या इमारतींची तपासणी हा माझा व्यवसाय असून माझे कार्यालय ठाण्यात, नौपाड्यात आहे. नगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या छोट्या प्रॉटेस्टंट चर्चचे काम माझ्याकडे आले, कारण त्या मंडळीतील, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायातील, बरीच कुटुंबे आता कळवा-ऐरोलीत राहतात आणि गावच्या चर्चसाठी वर्गणी तीच गोळा करतात. दुरुस्तीबरोबर त्यांना दारावरच्या फलकासाठी बांधकामाचे साल हवे होते.

चर्चच्या समितीतले सर्वांत वयस्कर काका एके दिवशी पिशवीतून एक कौल घेऊन आले. "मॅडम, कौलावरच छापलंय की," असे म्हणून त्यांनी बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील मिशनरी संस्थेचा ठसा आणि त्यातील १८६५ हा आकडा बोटाने दाखवला.

ते साल मंगळूरला मिशनचा पहिला कौलांचा कारखाना निघाल्याचे आहे. पुढे कित्येक वर्षे कौलांवर तेच छापले जात होते. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. म्हणजे हे कौल साधारण त्या दोन टोकांमधले, एवढेच खात्रीने म्हणता येते, आणि तेही फक्त छपराबद्दल. भिंती त्याहून जुन्या आहेत. वाशांच्या खाली, दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर, विटांनी बुजवलेली तुळयांची भोके मी स्वतः मोजून नकाशावर घेतली आहेत. एका भोकात वाळवीने पोखरलेले तुळईचे टोक अजून आहे. पहिले छप्पर मातीचे माळवद, म्हणजे तुळयांवरचे सपाट धाबे, होते, याबद्दल मला शंका नाही. अमेरिकन मिशनचे नगरमधील काम १८३१ पासूनचे आहे, त्यामुळे भिंतींचे साल बरेच मागे जाऊ शकते.

दारावर साल कोरलेला दगड असेल तर तो सिमेंटच्या गिलाव्याखाली गेला आहे. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंट फासले की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. हे ठाऊक नसलेल्या माणसाला अशी कामे मिळतात, याचा मला मनापासून राग आहे. आमच्या ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे अर्पण, म्हणजे उपासनेसाठी पवित्रीकरण, १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी केले, हे आज सांगता येते, कारण साहेबांच्या चर्चची नोंद ठेवणारे साहेबच होते. खेड्यातल्या मंडळीची नोंद तिच्या भिंतींतच राहिली.

फलकावर १८६५ घालण्यास मी संमती दिली नाही. काका दुखावले गेले, आणि त्यांना आणखी कोणत्या शब्दांत सांगता आले असते, याचा विचार मी अजून करते आहे. दारावरचा गिलावा हातछिन्नीने, माझ्यासमोर काढावा आणि तोवर फलक थांबवावा, असे मी अहवालात लिहिले आहे.