मांडीवरून सतरंजीवर : आमची वाटचाल

तीस किलोच्या लॅब्रॅडॉरचं ऑपरेशन झालं की त्याला चालवावंच लागतं, उचलणार कोण? चार-पाच किलोच्या पॉमेरियनचं तसं नसतं. आजीच्या मांडीवरून आईच्या मांडीवर, तिथून सोफ्यावर. पाय जमिनीला लागतच नाही. बघता बघता मागच्या पायाचे स्नायू उतरतात आणि मग आम्हाला फोन येतो, "ऑपरेशन फेल गेलं का हो?" ऑपरेशननंतर कुत्र्यांना पुन्हा चालतं करणारं कोथरूडमधलं आमचं छोटं फिजिओथेरपी केंद्र बऱ्याच अंशी या एका फोनवर उभं आहे. आमची खरी स्पर्धा दुसऱ्या केंद्रांशी नाही, मांडीशी आहे.

मी मूळची माणसांची फिजिओथेरपिस्ट. गुडघे बदललेल्या आजी-आजोबांना ऑपरेशननंतर लगेच वॉकर धरून उभं करायचं, हे माझं काम. भागीदार मैत्रीण पशुवैद्यक, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. १८८६ सालचं कॉलेज, तिथला अभिमान ती अजून मिरवते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार करायचे ते नोंदणीकृत पशुवैद्यकानेच. त्यामुळे उपचार ती ठरवणार आणि सर्जनची चिठ्ठी व एक्स-रे बघितल्याशिवाय मी कुत्र्याला हात लावणार नाही, हे आधीच ठरलं. सुरुवातीला लोक या अटीवर चिडून परत जायचे. पण पुढे सर्जन मंडळी स्वतःहून पेशंट पाठवायला लागली ती याच अटीमुळे.

लहान कुत्र्यांत आमच्याकडे जास्त येतात ते दोन आजार. एक, गुडघ्याची वाटी सरकणं. दुसरा, डॅशहुंडची पाठ. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत बाराव्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत सापडते. मणक्यांच्या मधल्या चकत्या अकाली कडक होण्याशी तिचा संबंध आहे, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. अशी कडक चकती फुटली की मज्जारज्जूवर दाब येतो आणि काल सोफ्यावर उड्या मारणारा प्राणी आज मागचे पाय फरफटत येतो.

असाच एक डॅशहुंड, पाठीचं ऑपरेशन झालेला, दुलईत गुंडाळून आला. काकूंनी त्याला टेबलावरही ठेवू दिलं नाही. "अगं, त्याला थंडी वाजते." मी त्यांना घराचा व्हिडिओ पाठवायला सांगितला. पाहिलं तर सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. धडधाकट कुत्रासुद्धा घसरेल अशा. मग पलंगापासून बाल्कनीपर्यंत सतरंजीची पट्टी, खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. दिवसभर कठडा लावलेल्या जागेत आराम, आणि ठरल्या वेळीच, सर्जननी परवानगी दिली तेवढंच चालणं, पोटाखालून टॉवेलचा झोळणा धरून. पंजा उलटा पडला की हाताने सरळ करायचा, नाहीतर वरची कातडी सोलून निघते. पुढे अडथळ्यांवरून पाय उचलायचा व्यायाम आला. काकूंनी उत्साहाने लाटणी मांडली, ती घरंगळली. शेवटी झाडूचे दांडे आणि दोन्ही टोकांना काकांच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे. काका कुरकुरले, पण अंक दिले.

पाण्यातली ट्रेडमिल परदेशातून मागवणं आमच्या ऐपतीबाहेर होतं. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरने ॲक्रिलिकची टाकी करून दिली, पट्टा आत, मोटर बाहेर. शाफ्टच्या सीलमधून पाणी झिरपायचं, ते थांबवता थांबवता त्याच्या नाकी नऊ आले. पाणी आणि वीज एकत्र, म्हणून अर्थिंग आणि ट्रिप होणारा स्विच यावर मी पैसे वाचवू दिले नाहीत. पाणी नितंबाच्या सांध्यापर्यंत भरलं की पायांवर वजनाचा साधारण ३८ टक्केच भार पडतो; गुडघ्यापर्यंत भरलं तर ८५ टक्के. म्हणजे पाणी हळूहळू उतरवत भार वाढवता येतो. टाके पूर्ण भरल्याशिवाय मात्र टाकीत कुणालाच नाही. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की टँकर, आणि पॉमेरियनचे केस गाळणीत अडकले की अर्धा दिवस गेला.

आमच्या कामाला "होलिस्टिक", म्हणजे सर्वांगीण उपचार, म्हटलं की लोक आणखी बरंच काही अपेक्षेने विचारतात. लेझर आहे, मालिश आहे. ॲक्युपंक्चर मैत्रीण स्वतः करते. पाठीच्या काही पेशंटमध्ये सुयांचा उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत, आणि हे आम्ही फी घेण्याआधी सांगतो. तिळाच्या तेलाने अभ्यंग करू का, असं विचारणाऱ्यांना मी कोरड्या हाताने मालिश शिकवते. कुत्रा तेल चाटून काढतो आणि टाक्यांभोवती घाण साचते ती वेगळीच. टी ट्री तेल तर कुत्र्याला विषारी आहे. आणि दुखतंय म्हणून घरातली आयब्रुफेन किंवा क्रोसिन देऊ नका, हे आम्ही दारावरच लिहिलंय. हळदीवर वाद घालायचा मी सोडून दिलाय. सर्जनना विचारा म्हणते.

वीस सेशनचं पॅकेज विका, असा सल्ला आम्हाला हिशेबनीसापासून भावापर्यंत सगळ्यांनी दिला. हातात रोख येते हे खरं. पण वीस वेळा पैसे भरलेला माणूस घरी व्यायाम करत नाही, हा माझा माणसांच्या दवाखान्यातला अनुभव. म्हणून आमच्याकडे एकेका सेशनचे पैसे, आणि पहिली भेट शक्यतो पेशंटच्या घरीच. नाशिक-कोल्हापूरचे लोक घराचा व्हिडिओ पाठवतात. पिंपरी-चिंचवडहून येणाऱ्यांचे मात्र हाल होतात. पाठीचं ऑपरेशन झालेला कुत्रा तासभर रिक्षात हिंदकळत आणायचा म्हणजे आम्ही केलेलं तिथंच वाया. तिकडे तळमजल्यावर, पायरी नसलेला गाळा बघतोय. एक आवडलाय, डिपॉझिटवर घासाघीस चालू आहे.