परत तोच घोडा जी५

रविवारी लेकीची जिल्ह्याची अंडर-११ बुद्धिबळ स्पर्धा होती. पालकांना हॉलमध्ये सोडत नाहीत, त्यामुळे डाव कळला तो नंतर तिच्या स्कोअरशीटवरूनच, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदावरून. (ई४, जी५ ही पटावरच्या घरांची नावं; नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि चौथ्या चालीला समोरच्या मुलाचा घोडा जी५ वर! एफ७ वर उंट आणि घोडा दोघांचा डोळा.

मागच्या वेळी इथेच मेली होती पोरगी. प्यादं डी५ ला टाकलं, त्याने मारलं, हिने घोड्याने परत मारलं, इतकं साधं वाटतं ना, पण मग त्याने एफ७ वर घोडाच दिला, राजाने तो खाल्ला, वजीर एफ३ वरून शह, आणि डी५ चा घोडा वाचवायला राजा ई६ वर, पटाच्या मधोमध. फ्राइड लिव्हर म्हणतात याला. टाराशसारखा मोठा खेळाडू घोडा जी५ ला नवशिक्यांची चाल म्हणायचा, पण या वयोगटात त्याच चालीने कितीतरी डाव लवकर संपतात.

या वेळी हिने प्यादं परत मारलंच नाही. घोडा ए५, उंटावर. त्याने बी५ वरून शह दिला, हिने सी६, मारामारी झाली, उंट ई२ ला परत. एक प्यादं कमी, पण मग हिचं एच६, त्याचा घोडा मागे, हिचं ई४, त्याचा घोडा परत उठला, हिचा उंट डी६, तो पळतोय आणि हिचे मोहरे बाहेर येतायत. एक प्यादं देऊन एवढा वेळ मिळतो हे तिला घरी समजावताना माझा घसा बसला होता, पटावर ते तिने स्वतः केलं!

त्याने डी४ केलं तर हिने ऑन पासाँ मारलं (दोन घरं पुढे आलेलं प्यादं एकच घर आल्यासारखं लगेच मारायचं), त्या मुलाला तो नियमच माहीत नव्हता बिचाऱ्याला, आर्बिटरला, म्हणजे पंचांना, बोलवावं लागलं. मग वजीर सी७, त्याने घाईत कॅसलिंग केलं (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे नेला) आणि हिच्या उंटाने शह देत एच२ चं प्यादं उचललं. प्यादी बरोबर. शेवटी हत्तींच्या एंडगेममध्ये (थोडेच मोहरे उरलेल्या डावाच्या शेवटच्या भागात) ड्रॉ.

बाहेर आली तर डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आई, त्याने उंट ई२ ऐवजी डी३ ला नेला असता तर?"

मी थांबलेच. डी३ वरून ई४ वर पहारा, म्हणजे आपलं प्यादं पुढे सरकणार नाही आणि त्याच्या घोड्याला ई४ ची जागा मोकळी. रिक्षात बसल्याबसल्या तिने बॅगेतून छोटा चुंबकाचा पट काढला.