आरतीच्या आधी तक्रार

वारीत दिवे घाट चढलो, सासवड-जेजुरी झाली, वाल्ह्यात पाऊस होता, नीरेतलं पादुकांचं स्नान लांबूनच पाहिलं. चांदोबाच्या लिंबाशी रिंगणात अश्व म्हणे अगदी समोरून गेला. मला पुढच्या माउलीचा पदर तेवढा दिसला. वाट सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते जाऊबाईंबद्दल.

त्याही याच दिंडीत आहेत हे आळंदीत पोचल्यावर कळलं. आडनाव एक, म्हणून महाराजांनी दोघींना एकाच राहुटीत घातलं. सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या तेव्हा या बाईंनी आम्हाला कळवलं नव्हतं. आम्ही गेलो ते थेट दहाव्याला. तेव्हापासून बोलणं बंद. आणि इथे पहाटे काकड्याला त्यांचा आवाज सगळ्यांत गोड. गौळण सुरू झाली की अख्खी दिंडी डोलायची आणि माझं डोकं तडकायचं.

बरड गाव सोडल्यावर दुपारी माझी डावी टाच गेली. डांबर तापलेलं, पायाखाली खडी, फोड एवढा की चप्पल आत जाईना आणि अनवाणी टेकवेना. दिंडी पुढे निघून गेली. मी बाभळीच्या नावापुरत्या सावलीत बसून रडकुंडीला आले होते. विठ्ठलाचं नावही घ्यावंसं वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर. मागच्या कुठल्याशा दिंडीतली एक बाई थांबली. डोक्यावरची तुळस उतरवली आणि काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. कमरेच्या पिशवीतून सुई-दोरा काढला. ‘कातडं फाडायचं नाही माउली, दोरा आतच ठेवायचा. पाणी आपोआप झिरपतं.’ सुई आरपार गेली तेव्हा मी तिचा दंड इतका आवळला की वळ उठले असतील. तिने पायावर तेल चोळलं, त्याच पायावर डोकं टेकवलं, तुळस उचलली आणि गेली. चेहरा आता आठवत नाही.

मला भरून आलं, आणि पाठोपाठ एक आंबट विचारही आला: हिला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही, म्हणून हिला हे सोपं गेलं. वारीत दिसेल त्याला मी माउली म्हणते, पोलिसाला, टँकरवाल्याला. जाऊबाईंना म्हणताना जीभ वळत नाही.

कॉलेजात मी वर्षानुवर्षं तत्त्वज्ञ स्पिनोझा शिकवला. द्वेष म्हणजे दुःखच, त्याला बाहेरच्या कारणाची कल्पना जोडलेली. द्वेषाला द्वेषाने उत्तर दिलं की तो वाढतो. प्रेम मात्र त्याला संपवू शकतं. हे लिहिणाऱ्याला त्याच्याच ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलं होतं, म्हणजे बोलणं हवेतलं नव्हतं. फळ्यावर ते छान दिसायचं. चालताना मुक्ताबाई आठवायची, ‘विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी’. बरोबर आहे, पण मी संत नाही. आणि ती तरी परक्याला कुठे समजावत होती? रुसून दार लावून बसलेल्या भावालाच, ज्ञानेश्वरांनाच सांगत होती, ताटी उघड म्हणून. घरच्यांनाच सांगावं लागतं.

संध्याकाळी नातेपुत्याला सगळ्या दिंड्यांची मिळून समाजआरती. चोपदारांनी चोप उंचावला, ‘होऽऽ’ झाला, हजारो टाळ एकदम गप्प. एका दिंडीचा मात्र वाजतच राहिला. तक्रार आहे, म्हणून. चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, तेव्हा कुठे तो टाळ थांबला. मग हरवलं-सापडलं, उद्याच्या निघण्याची वेळ आणि आरती. दरवर्षी बघते हे. कोणी त्या दिंडीला म्हणत नाही की माउलींसमोर कसली भांडणं, प्रेमाने राहा. आधी ऐकतात. माझा टाळ किती वर्षं वाजतोय हे जाऊबाईंना तरी कुठे ठाऊक असणार?

रात्री राहुटीत त्या स्वतःच म्हणाल्या, ‘टाच दाखव.’ दोरा ओला झाला होता. त्यांनी तो काढला आणि तेवढ्यात मी विचारूनच टाकलं, ‘ताई, तेव्हा फोन का नाही केलात?’

त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘आई म्हणाल्या, तिच्या मुलांच्या परीक्षा चालल्यात, उगाच बोलावू नकोस. मला वाटलं अजून आहेत चार दिवस. आणि रात्रंदिवस मीच होते गं तिथे. मला कोणी विचारलं, तू कशी आहेस?’

मला हे अर्धंच पटलं. गेल्या त्या दिवशी तरी कळवायचं होतं, हे मी तोंडावर म्हटलं. पण दुःख माझं आणि नाव त्यांचं, ही गाठ कुठेतरी सैल झाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी गौळण मी पूर्ण ऐकली.

पुढचे मुक्काम एकमेकांत मिसळलेत. पंढरपुरात मुखदर्शनावर भागवलं, नामदेव पायरीला हात लावला आणि चोखोबांच्या समाधीशी टेकले. त्यांना देवळात जागा नव्हती. हे देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. हा टाळ किती शतकं कोणी ऐकलाच नाही. जे खळांची व्यंकटी सांडो म्हणणारे आपणच.

परतीच्या एसटीत जाऊबाईंनी फोनचा विषय पुन्हा काढला. मीही सोडला नाही. फलटण येईपर्यंत आमचं भांडण चालू होतं.