तुम्ही विचारलंत म्हणून: बदकाची पिल्लं एकटी दिसली, तर उचलून आणायची का?

पावसाळ्यात हा प्रश्न ठरलेला. "बंधाऱ्यावर सात-आठ पिल्लं फिरतायत, आईचा पत्ता नाही, घरी आणू?" नका आणू. बहुतेक वेळा आई दिसत नाही, कारण तिथे तुम्ही उभे असता.

आपल्या तळ्यांवर घरटं करणारं नेहमीचं रानबदक म्हणजे हळदी-कुंकू, अर्थात धनवर. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. गवतात जमिनीवरच घरटं, सात ते नऊ अंडी, कधी जास्तही. मादी रोज एक अंडं घालते आणि सगळी घालून झाली की मगच उबवायला बसते. म्हणून साधारण २४ दिवसांनी सगळी पिल्लं जवळपास एकदमच बाहेर येतात. डोळे उघडे, अंगभर लव. एक-दोन दिवसांत आईमागून पाण्यात. आई भरवत नाही, किडे-अळ्या ती आपली आपण टिपतात. आईकडे ऊब आणि पहारा.

हा पहाराच लोकांना फसवतो. कुत्रं किंवा माणूस जवळ आला की ती पंख मोडल्यासारखी पाणी आपटत, ओरडत लांब जाते. पिल्लं तोवर लव्हाळ्यात चिडीचूप. तुम्ही "जखमी बदका"मागे धावलात, की तिचं काम झालं. तेव्हा शंभरेक पावलं मागे या, झुडपाआड बसा, कुत्रं आवरा आणि दोनेक तास थांबा. मोबाइल घेऊन पुढे पुढे सरकत राहिलात, तर ती येणार नाही.

झाडाखाली पिल्लं दिसली तरी ती "पडली" असं धरू नका. अडई आणि नकटा ही रानबदकं झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. पिल्लं वरून स्वतःच उड्या मारतात. वजन नगण्य, त्यामुळे सहसा लागत नाही.

खरी मदत लागते ती शेततळ्यात. तिथे अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळानं गुळगुळीत होतो. आई उडून बाहेर पडते, पिल्लं उतारावर घसरत राहतात आणि दमून, भिजून गारठतात. गोणपाटाची लांब पट्टी किंवा जुनं जाळं काठाला खुंटीनं पक्कं बांधा, खालच्या टोकाला वजन लावून ते पाण्याखाली हातभर जाऊ द्या. समोरासमोर दोन बाजूंना लावा आणि लांब व्हा. स्वतः आत उतरू नका. त्या कागदावरून माणसालाही वर येता येत नाही.

दोन तासांनीही आई आली नाही, पिल्लं पांगून सतत चिरकतायत, किंवा एखादं रक्ताळलंय, तरच उचला. भोकं पाडलेलं खोकं, तळाशी सुती कापड, एका कोपऱ्यात कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. पाव आणि दूध अजिबात नको. बादलीत पोहायला सोडू नका: आईची ऊब नसताना भिजलेलं पिल्लू पटकन गारठून मरतं. दुसऱ्याच बदकाच्या पिल्लांतही मिसळू नका, परक्या पिल्लाला मादी चोचीनं हाणते. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६. फोन लगेच करा, कारण रानबदक घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय कोवळं पिल्लू समोर हलणाऱ्यालाच आई समजून मागे लागतं, आणि माणसामागे लागलेलं पिल्लू पुन्हा तळ्यावर सोडणं फार अवघड जातं.