कारल्यासाठी टोकियोत मांडव

"कारल्याच्या वेलाला आधार कसला द्यावा ते बघतेय, तासभर दुकानात उभी आहे," असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, चार काठ्या रोव नि सुतळी बांध. बघायचंय काय त्यात?"

कराडच्या परसात तिचं बरोबरच आहे. तिथे जमीन आहे, काठ्या आहेत, आणि वेल मांडव सोडून शेजारच्यांच्या पत्र्यावर गेला तर शेजारच्या काकू चार कारली तोडून घेतात, विषय संपला. माझ्याकडे मात्र पाचव्या मजल्यावरची साडेतीन मीटरची बाल्कनी आहे, आणि तीही धड माझी नाही. इथल्या इमारतींत बाल्कनी ही आग लागली तर पळायची वाट असते. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक पातळ फळी आहे, तिच्यावर लिहिलंय की संकटात ही फोडून पलीकडे जा. तिच्यापुढे काही ठेवायचं नाही. जमिनीत खालच्या मजल्यावर उतरायच्या शिडीचं झाकण आहे, त्याच्यावरही नाही. पाण्याची नाली मोकळी हवी, भिंतीला भोक पाडायचं नाही. एवढं सगळं वजा करून टेप लावला तेव्हा माझ्या शेतीला १ मीटर ९० सेंटिमीटर उरले.

कारलं इथे मिळतं याचं तुम्हाला नवल वाटेल, मलाही वाटलं होतं. इथे त्याला गोया म्हणतात. मूळचं ते दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरचं खाणं. त्या बेटांवर वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी असल्यामुळे कारली तिथून जपानच्या मोठ्या बेटांवर पाठवायला बंदी होती. प्रयोगशाळेत वांझ केलेल्या माश्या वर्षानुवर्षं हवेत सोडून ती माशी १९९३ मध्ये पार संपवली, आणि मग कारलं टोकियोच्या बाजारात मोकळेपणाने यायला लागलं. नंतर २०११ चा भूकंप झाला, विजेची टंचाई आली, आणि लोकांनी एसी कमी चालावा म्हणून खिडक्यांसमोर जाळीवर गोया चढवायचा सपाटा लावला. शाळा, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे. याला इथे हिरवा पडदा म्हणतात. थोडक्यात, इथले बरेच लोक कारलं सावलीसाठी लावतात आणि भाजी फुकटात मिळते. भरली कारली आवडणाऱ्या माझ्यासारखीचं गणित उलटं, पण ऑगस्टमधल्या दमट उकाड्यात सावलीही गोड लागते.

पहिल्या वर्षी मी कुंड्यांमध्ये फसले. इथे कुंडीचं माप 'गो'मध्ये सांगतात, १ गो म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर व्यास. ८ गोच्या, म्हणजे २४ सेंटिमीटरच्या, तीन मातीच्या कुंड्या घेतल्या. दिसायला देखण्या. जूनच्या पावसाळ्यात वेल जोमात होते, जुलैत पाऊस सरला आणि सकाळी अकरालाच पानं लोंबायला लागली. मातीची कुंडी अंगातूनही पाणी सोडते, त्यात माती जेमतेम पाच लिटर. सकाळी पाणी, ऑफिसमधून धावत येऊन पुन्हा पाणी. शेजारच्या आजी फळीच्या कडेने डोकावून हसल्या आणि त्यांची कुंडी दाखवली: ६५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर खोल, प्लास्टिकची, तपकिरी, अगदी कळाहीन. तळाला जाळीची फळी आणि बाजूला बूच. त्यात दोनच वेल. मी एवढ्या जागेत पाच लावले असते.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की पैसे घालायचे तर कुंडीच्या खोलीत घालावेत, आधार ११० येनला वस्तू मिळणाऱ्या स्वस्त दुकानातला चालतो. फक्त एक मेख आहे, आणि ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. आमच्या वॉर्डात कचरेवाले माती नेत नाहीत. पालापाचोळा नेतात, फुटकी कुंडी ठरल्या दिवशी नेतात, माती नाही, कारण माती हा कचरा नव्हे. म्हणजे विकत घेतलेला प्रत्येक लिटर जन्माचा सोबती. म्हणून खोल कुंड्या घ्या, पण दोनच घ्या. मी हिवाळ्यात माती ताडपत्रीवर पसरते, चाळणीने मुळं काढते, काळ्या पिशवीत ओलसर भरून उन्हात ठेवते आणि वसंतात खत मिसळून पुन्हा वापरते. एकाच मातीत कारल्यावर कारलं लावलं की वेल रोगट होतो, म्हणून एका कुंडीत कारलं, दुसरीत टोमॅटो, पुढच्या वर्षी अदलाबदल.

आता आधार. दुकानात हिरव्या नळ्यांची भिंतच असते: आत पोलाद, वर प्लास्टिक, अंगावर बांबूच्या पेरासारखे फोड. नावच 'चामखीळ-बांबू' अशा अर्थाचं आहे. फोडांमुळे बांधलेली दोरी घसरत नाही. ८ मिलिमीटरपासून २० मिलिमीटर जाडीपर्यंत, उंची हवी तेवढी. मी मजबूत म्हणून १६ च्या सहा नळ्या घेऊन झकास चौकट केली, आणि कारल्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तणावे हवेत चाचपडत राहिले आणि शेवटी वाळत घातलेल्या मोज्यांच्या चिमट्यांना धरून बसले. सकाळी नवऱ्याला मोजा काढता येईना.

चूक कारल्याची नव्हती. कारलं, काकडी, दोडका तणाव्यांनी धरतात, त्यांच्या चिमुकल्या बोटांत मावेल अशी बारीक वस्तू लागते: दोरी, जाळी, सुतळी. चवळी, वाल आपलं अख्खं खोडच गुंडाळत चढतात, त्यांना काठी पुरते. टोमॅटो तर काहीच धरत नाही, त्याला तुम्हीच बांधायचं, तेही इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा देऊन, म्हणजे खोड जाड झालं तरी दोरी रुतत नाही. एवढं समजलं की दुकानात तास लागत नाही. कराडच्या मांडवाला सुतळी का, ते मला टोकियोत कळलं. आईला हे सांगायचं अजून टाळलंय.

काठीवर चढणाऱ्या वेलाची गंमत मुलीमुळे पाहिली. जपानमध्ये पहिलीतलं बहुतेक प्रत्येक मूल शाळेत 'आसागाओ' हे निळं-जांभळं फूल लावतं, आणि जुलैत सुट्टी लागली की कुंडी कवटाळून घरी आणतं. कुंडीत तीन-चार काठ्या उभ्या, त्यांना गोल कड्या, कंदिलाच्या सांगाड्यासारखं. या सांगाड्याचं नावही कंदिलावरूनच आहे. टोकियोच्या इरिया भागात ६ ते ८ जुलैला या फुलांचा बाजार भरतो, तिथेही कुंड्यांना हेच कंदील. फुलं संपल्यावर मी त्या सांगाड्यावर चवळी चढवली. शेंगा मूठभर, पण मुलीचा शाळेचा आधार भंगारात गेला नाही.

जाळी कारल्यासाठी १० सेंटिमीटर घरांची मिळते आणि १८ चीही. मी १८ ची घेते. १० च्या घरात कारलं पोटाशी अडकून बाटलीसारखं वाढतं, आणि तोडताना हात आत जात नाही. नायलॉनची घेऊ नका, शेवटी वाळलेला वेल त्यातून सोडवताना जीव जातो. तागाची घेतली तर वेलासकट कापून जळाऊ कचऱ्यात. भोक पाडायचं नाही म्हणून जमीन आणि छत यांच्यात दाबून बसणारे दोन दांडे लावलेत, जाळी त्यांना आकड्यांनी अडकवलेली. आकडे मुद्दाम. वादळ येणार म्हटलं की पाच मिनिटांत जाळी खाली घेऊन गुंडाळता येते. २०१९ च्या सप्टेंबरात टोकियोशेजारच्या चिबा प्रांतात फाक्साई वादळ आलं तेव्हा इचिहारा शहरात गोल्फच्या सराव मैदानाचे उंच लोखंडी खांब जाळीसकट घरांवर आडवे झाले. पानांनी भरलेली जाळी म्हणजे शीडच. पाचव्या मजल्यावरून ती कोणाच्या डोक्यावर जावी अशी माझी इच्छा नाही.

यंदा आईने दोडक्याचं बी पाठवायचं ठरवलं होतं. तिला समजावलं की तपासणीचं सरकारी प्रमाणपत्र असल्याशिवाय बी इथे आणता येत नाही. "चिमूटभर बियांना कागद?" म्हणून ती दोन दिवस रुसली. सध्या बाल्कनीत दोन काळ्या पिशव्या ऊन खात पडल्या आहेत. एकीवर मुलीने 'कारलं' आणि दुसरीवर 'टोमॅटो' असं लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. परवाच्या पावसात दोन्ही धुऊन गेल्या.