पापणी उलटता आली पाहिजे

आमच्या तालुक्याच्या डॉक्टर संघटनेनं या महिन्यात फॅमिली डॉक्टरांसाठी डोळ्यांच्या नेहमीच्या तक्रारींवर सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं शिकणं चालू राहावं म्हणूनचा वर्ग, ठेवली होती. एमबीबीएसवाल्यांना पाच वर्षांत अशा वर्गांचे ३० क्रेडिट अवर्स भरायचे असतात, त्याशिवाय महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, त्यामुळे हॉल एरवीही भरतो. या वेळी मात्र बीएएमएस, बीएचएमएसची मंडळीसुद्धा शेवटपर्यंत बसली होती. शिकवायला आलेल्या नेत्रतज्ज्ञ मॅडमनी मोजक्याच स्लाइड दाखवल्या आणि आमच्या हातात कापसाच्या काड्या दिल्या. म्हणाल्या, “शेजारच्याची वरची पापणी उलटून दाखवा.”

पेशंटला खाली बघायला सांगायचं, पापणीचे केस चिमटीत धरायचे, काडी वरून टेकवायची आणि पापणी तिच्यावर फिरवायची. ‘डोळ्यात कचरा गेलाय’ म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचा कण नेमका या पापणीच्या आत चिकटलेला असतो आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासत राहतो. तो काढला नाही, तर कोणतेही थेंब घाला, खुपणं थांबत नाही.

मी कराडजवळच्या एका गावात प्रॅक्टिस करते. हा उसाचा पट्टा. कारखाने सुरू झाले की उसाचं पान डोळ्याला लागलेले लोक येऊ लागतात. तोडणीला आलेला माणूस अशा दुखण्यासाठी काम सोडत नाही. आधी कुणीतरी अंगावरचं दूध किंवा मध घालायला सांगतं, मग मेडिकलमधून थेंब येतात. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि बुबुळावरची बुरशी आतल्या आत पसरत राहते. पानाच्या, धसकटाच्या जखमेत फ्युजॅरियम, ॲस्परजिलस अशा बुरशी शिरतात. त्यावर नाटामायसिन हे बुरशीचं औषध लागतं आणि बरं व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. उशीर झाला तर डोळ्यात फूल पडतं, ते कायमचं. म्हणून मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं: स्लिट लॅम्पवर तपासल्याशिवाय लाल डोळ्यात स्टेरॉइड नाही. (स्लिट लॅम्प म्हणजे डोळा मोठा करून बघायचं नेत्रतज्ज्ञाचं यंत्र.) मला विचाराल, तर अख्ख्या सीएमईत एवढं एकच शिकवलं असतं तरी चाललं असतं.

जखम शोधायला फ्लुरोसिन या रंगाची कागदी पट्टी आणि निळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी पुरते. पट्टी सलाईनच्या थेंबात भिजवून खालच्या पापणीच्या आत टेकवली की बुबुळ सोललं असेल तिथे हिरवं चमकतं. हर्पीज या विषाणूची जखम झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली दिसते. तिथे स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल.

साथीबद्दल थोडंच बोलणं झालं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळे आले होते, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. अशी साथ बहुतेक वेळा विषाणूची असते. हात धुणं, टॉवेल वेगळा ठेवणं आणि धीर, यापलीकडे बहुतेकांना फारसं काही लागत नाही. दृष्टी कमी झाली, उजेड सहन होईना किंवा डोळा खरोखर दुखू लागला, तर मात्र ते नुसतं डोळे येणं समजू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावं.

मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो चुन्याचा भाग. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मूल दाबतं आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे, तो पेशी विरघळवत आत आत जातो. अशा वेळी आपण चिठ्ठी लिहून पेशंटला शहराकडे रवाना करतो आणि रस्त्यातच डोळा जातो. आधी धुवायचं. सलाईनची बाटली टांगायची, सेटची नळी मोकळी सोडायची, भूल देणारा थेंब घालायचा आणि निदान अर्धा तास धार सोडायची. सलाईन आणण्यात वेळ जाणार असेल तर तोवर नळाचं स्वच्छ पाणी. पापणी उलटून अडकलेले कण काडीनं काढायचे, थोडं थांबून पीएचची, म्हणजे अल्कली उरलाय का ते दाखवणारी, पट्टी लावायची. आकडा सातच्या आसपास आला की मग गाडीत बसवायचं. भुलीचे थेंब घरी मात्र कधीच द्यायचे नाहीत. दुखणं कळेनासं होतं, बुबुळ भरून येत नाही.

डोकं दुखतंय, उलट्या होतायत म्हणून येणाऱ्या साठीतल्या बाईंच्या डोळ्यांवर बॅटरी मारून बघायची सवयही लावून घ्यायला हवी. एक डोळा लाल, बाहुली मोठी, उजेडानं न हलणारी आणि बोटाला डोळा दगडासारखा कडक लागला, तर तो काचबिंदूचा झटका असतो. पित्ताच्या गोळ्यांनी तो उतरत नाही.

मधुमेहाला शेवटी जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली, हे मला पटलं नाही. टाइप २ मधुमेहाचं निदान होताच डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा आणि पुढे दरवर्षी, हे पेशंटला सांगणारे आपणच. ‘मला चांगलं दिसतंय की’ म्हणून तो टाळतो, आणि पडदा खराब होत असताना बराच काळ खरंच चांगलं दिसत असतं. पुढची सीएमई फक्त यावर ठेवा आणि थेंबांच्या विषयासाठी तालुक्यातल्या मेडिकलवाल्यांनाही बोलवा, असं मी संघटनेला लेखी कळवलं आहे. आमच्या भागातले कुणी हे वाचत असाल तर तुम्हीही कळवा.