तुम्ही विचारलंत म्हणून: फवारलेला रंग टिकतो का?

"हा तर स्प्रे मारलाय. किती दिवस टिकणार?"

ठाण्यातल्या प्रदर्शनांत कुणी चामड्याचा पट्टा किंवा पर्स हातात घेतली आणि मी ती एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, रंगवते हे कळलं, की पुढचा प्रश्न हाच येतो. काही जण कोपरा नखाने हळूच खरवडूनही पाहतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. वस्तू पारखूनच घ्यावी. शिवाय या शंकेमागे अनुभव आहे. पापुद्रे सुटलेली एक तरी पर्स बहुतेक घरांत निघते.

पण त्या पापुद्र्यांचा दोष फवाऱ्याचा नव्हे. तशा बऱ्याच पर्स मुळात चामड्याच्या नसतातच. कापडावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दिलेला असतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो हळूहळू विघटित होऊन सुटायला लागतो. खऱ्या चामड्याच्या पर्सचं म्हणाल, तर दुकानातला बराचसा माल क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला, असतो. तो कारखान्यात ड्रममध्ये फिरवून रंगवतात आणि पुष्कळदा त्यावर रंगद्रव्याचा थर देतात, तोही फवाऱ्याने किंवा रोलरने. म्हणजे ज्या 'कंपनीच्या रंगा'वर आपण डोळे झाकून विश्वास टाकतो, तोही अनेकदा फवारलेलाच असतो.

रंग टिकणं हे तो कशाने लावला यावर अवलंबून नसतं. तो चामड्याच्या तंतूंत शिरलाय की वर बसलाय, आणि त्यावर संरक्षण काय दिलंय, हे पाहायचं.

मी वापरते ते झाडांच्या सालीफळांनी कमावलेलं चामडं, व्यापारात ज्याला व्हेज टॅन म्हणतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातकुळीतलं. धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडवरच्या दुकानांत चांगलं मिळतं, फक्त वर कारखान्याच्या फिनिशचा थर नाही ना, हे पाहून घ्यायचं. पाण्याचा थेंब टाकला आणि तो लगेच शोषला गेला, तर रंगही शोषला जाईल. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर आधी फिनिश उतरवल्याशिवाय हात लावू नये. अशा कोऱ्या चामड्यावर मी स्पिरिट डाय, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला रंग, देते. त्याचे कण विरघळलेले असतात, स्पिरिटबरोबर तंतूंत उतरतात. अॅक्रिलिक रंगाची गोष्ट वेगळी. तो वर थर धरतो, आणि जाड झाला तर दुमडीवर तडकतो.

मग हाताने का नाही? हातानेही करते. पण स्पिरिट डाय फार घाईचा असतो. लोकरीचा बोळा पहिल्यांदा टेकतो तिथे चामडं सगळ्यात जास्त पितं, आणि पुढच्या हाताची कड आधीच्या हातावर चढली की तिथे गडद पट्टा उमटतो. त्यात सगळं चामडं एकसारखं पीतही नाही. जनावराच्या पाठीचा भाग घट्ट विणीचा, पोटाचा सैल. पोटाकडचा तुकडा भराभर रंग ओढतो आणि काळवंडतो. गडद तपकिरी किंवा काळ्यात हे झाकलं जातं. मधाच्या रंगात, फिक्या निळ्यात, हिरव्यात झाकलं जात नाही.

एअरब्रशमध्ये रंग बारीक तुषारांत येतो. प्रत्येक तुषार पडल्या जागी झिरपतो आणि सुकतो, ओली कड तयारच होत नाही. एका हातात जेमतेम छटा येते, दुसऱ्यात थोडी वाढते. पोटाकडच्या भागावर एक हात कमी द्यायचा, पाठीवर एक जास्त, आणि दोन्हीकडे एकच रंग दिसतो. कडेला गडद आणि मध्यावर उजळ अशी छटा तर बोळ्याने इतकी सलग येतच नाही. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद याचाच आहे, की कुठे थांबायचं हे ठरवायला वेळ मिळतो. चामड्यात गेलेला रंग परत काढता येत नाही, म्हणून हा वेळ मोलाचा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. फवारलेला रंग हाताला लागतो अशी तक्रार असते, आणि ती पुष्कळदा खरी असते. कारण अंतर. एअरब्रशचं तोंड म्हणजे नोझल फार लांब धरलं तर तुषार हवेतच सुकतात आणि चामड्यावर ओलावा न पोचता नुसती कोरडी पूड बसते. दिसायला रंग सुंदर, पण तो आत गेलेलाच नसतो. पांढऱ्या कुर्त्यावर उतरतो तो हाच. फार जवळ धरलं तर हवेच्या झोताने ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा फाकतो. माझा हात साधारण चार ते सहा इंचांवर स्थिरावलाय, ०.३ मिलिमीटरचं नोझल आणि २० ते ३० पीएसआय हवेचा दाब. पृष्ठभाग क्षणभर ओलसर चमकला पाहिजे आणि लगेच मंद झाला पाहिजे. ती चमक दिसली नाही तर रंग आत गेला नाही असं समजायचं.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. हलक्या फवाऱ्याचा रंग खोल जात नाही. चामडं कापलंत तर आत मूळचा रंग दिसेल. म्हणून पट्टा, कॅमेऱ्याची दोरी, कीचेन अशा घासल्या जाणाऱ्या वस्तूंना मी आधी हाताने भरपूर तळरंग देते आणि एअरब्रश फक्त छटेसाठी ठेवते. डायरीचं कव्हर, पर्सचा दर्शनी भाग इथे नुसत्या फवाऱ्यावर भागतं. काळ्यासाठी तर हिराकशीचं पाणी सगळ्यात उत्तम. लोखंडाचा क्षार आणि सालीतलं टॅनिन भेटलं की चामडं स्वतःच काळं होतं, त्यात उतरायला वेगळा रंगच नसतो. (याच कारणाने ओलं चामडं मी दाराजवळ ठेवत नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्याशेजारी लेथ चालते. लोखंडाचा कीस उडून पडला की काळा ठिपका कायमचा.)

रंग सुकल्यावर कोरड्या मऊ कापडाने घासून सुटी पूड काढायची, कापड स्वच्छ निघेपर्यंत. मग टॉप कोट, म्हणजे वरचा संरक्षक थर, आणि त्याचे पहिले एकदोन पातळ हातही एअरब्रशनेच. कापडाने लावला तर रंग ओढला जातो, छटा फिसकटते. शेवटी पांढरं सुती कापड आधी कोरडं आणि मग ओलसर करून घासून पाहते. उद्योगात यासाठी आयएसओ ११६४० ही आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणी आहे. लोकरीचा नमदा (दाबून बनवलेलं जाड कापड) ठरावीक वेळा पुढे-मागे घासतात आणि उतरलेला रंग करड्या छटांच्या ठरलेल्या पट्टीशी ताडून गुण देतात. माझ्याकडे ते यंत्र नाही, पण तत्त्व तेच. प्रदर्शनात हे कापड टेबलावरच ठेवते. नखाने खरवडण्यापेक्षा त्याने घासून बघा, खरं उत्तर मिळेल.

पावसाळ्यात वस्तू कधी मिळेल असं विचारणाऱ्यांना मी थोडी जास्त मुदत सांगते. एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातलं बाष्प टाकीत पाणी होऊन साठतं, आणि जुलैत ठाण्याच्या हवेत बाष्पाला तोटा नसतो. टाकी रोज रिकामी केली नाही आणि नळीवर पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप नसला तर मध्येच पाण्याचा थेंब थुंकला जातो आणि सगळ्या कामावर डाग पडतो. टॉप कोटही उशिरा सुकतो. तेव्हा घाई मी करत नाही, तुम्हीही करायला लावू नका.

"आम्हीपण घरी सुरू करू का?" असं विचारणाऱ्या मुलामुलींना एकच कळकळीची विनंती. स्पिरिट पेटतं, आणि त्याचे तुषार थेट फुप्फुसांत जातात. कापडी मास्क इथे काही कामाचा नाही; सेंद्रिय वाफा आणि तुषार दोन्ही अडवणाऱ्या काडतुसांचा (फिल्टरच्या डब्यांचा) रेस्पिरेटर, म्हणजे नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लागतो. खोलीत हवा बाहेर टाकायची सोय लागते आणि जवळ देवाचा दिवा, गॅस, ठिणगी काहीही चालत नाही. फ्लॅटच्या बंद बाल्कनीत, बाजूला लहान मूल, असं करू नका. एवढी सोय होईपर्यंत बोळ्याने शिका. चामडं कसं पितं हे बोळ्यानेच जास्त चांगलं समजतं.

आणि समजा काही वर्षांनी रंग फिका झाला, कारण डाय उन्हाने विटतो हे खरंच आहे, तर वस्तू टाकू नका. माझ्याकडे आणा. वरचा टॉप कोट उतरवला की चामडं पुन्हा रंग घेतं. मूळपेक्षा गडद करता येतो, फिका नाही; तेवढं आधी ठरवून या.